जुन्या ठासणीच्या पिस्तुलाची निपल जाम झालीय? आधी पाणी, मग तेल, पाना सगळ्यात शेवटी

हा प्रश्न परत परत येतो. लिलावातून किंवा कुणा म्हाताऱ्या संग्राहकाकडून १८३०-५० च्या सुमाराचं इंग्लिश पिस्तूल घेतलं, दिसायला झकास, पण निपल जागची हलत नाहीये, पाना लावला तर चौकोनाचे कोपरे गोल झाले, आता काय करू. इंग्लंडात राहून ही जुनी पिस्तुलं हाताळणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना मी हे तुकड्या तुकड्यात सांगत आलोय, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी लोखंडावर घासून ठिणगी पडायची, पाऊस असला की सगळा खेळ खलास. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं, आणि पुढे १८२० च्या दशकात तांब्याची छोटी टोपी, म्हणजे आपल्याकडे ज्याला केप म्हणतात ती, सगळीकडे पसरली. ही केप ज्या छोट्या पोकळ सुळक्यावर बसते ती निपल. खाली आटे, मधे पाना लावायला चौकोन किंवा दोन सपाट बाजू, वर निमुळतं टोक, आणि आरपार बारीक भोक. घोडा केपेवर आदळतो, ज्वाळा त्या भोकातून दारूपर्यंत जाते. म्हणजे निपल ही झिजणारी, बदलायचीच वस्तू आहे, त्या काळातही लोक पेटीत जादाच्या निपल आणि छोटा पाना ठेवायचे. न बदलता येणारी गोष्ट आहे नळीच्या मागच्या भागातलं ते आट्यांचं भोक. मी पुढे जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एकाच गोष्टीसाठी आहे, निपल गेली तर जाऊ दे, भोक वाचलं पाहिजे.

आता काहीही करण्याआधी, म्हणजे पाना हातात घेण्याच्याही आधी, पिस्तूल भरलेलं आहे का ते बघा. ठासणीची हत्यारं भरलेलीच भिंतीवर टांगून ठेवायची सवय होती आणि माणसं गेली तरी आतली दारू तशीच राहते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० टक्के, ती कोरडी राहिली तर शंभर दीडशे वर्षांनीही पेटते. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात सिव्हिल वॉरच्या काळातला तोफगोळा साफ करताना तो फुटून एक अनुभवी संग्राहक जागीच गेला, गोळा १४० वर्षांहून जुना होता. तेव्हा हे वाचून पुढे सरकू नका. लाकडाची बारीक सरळ काठी तोंडातून आत हळूच सरकवा, जिथे थांबते तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा. काठीचं टोक निपलच्या मुळापर्यंत पोचायला हवं. दोन अडीच सेंटीमीटर अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे असंच समजायचं. एक बारकावा, १७८७ मध्ये हेन्री नॉकने पेटंट घेतलेल्या प्रकारच्या ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बंद भागात, शेवटी दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते, तिथे जाड काठी आधीच अडते, म्हणून त्याहून बारीक काठीनेही एकदा बघा. काठी टेकल्यावर टक्क असा कडक आवाज येतो की मऊ, हेही कळतं, शिसं मऊ लागतं. निपलमधून फुंकर मारून बघणं हा काही पुरावा नाही, ती बंद असते म्हणून तर आपण इथे आहोत.

भरलेलं निघालं किंवा नुसती शंका आली तरी तिथेच थांबा. तापवणं नाही, ड्रिल नाही, ठोकणं नाही, आणि नळीच्या किंवा निपलच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. पाणी ओतून दारू मेली असं समजू नका, भिजलेली दारू वाळली की परत पेटू शकते. जाणत्या गनस्मिथकडे द्या, नेण्याआधी फोन करून सांगा की भरलेलं असावं. हे काम यूट्यूब बघून करायचं नाही.

रिकामं आहे अशी खात्री पटली की दुसरा प्रश्न स्वतःला विचारा, निपल काढायचीच का? शोभेसाठी ठेवायचंय, निपल शाबूत आहे, नुसती फिरत नाही, तर माझं प्रामाणिक मत आहे की हात लावू नका. फिरत नाही हा दोष नाहीये. काढायची कधी, तर टोक तुटलंय किंवा ठोकून ठोकून पसरलंय, आत जिवंत गंज चाललाय, मुळाशी तांबूस भुगा परत परत दिसतोय, किंवा कुणीतरी भलत्याच मापाची निपल कोंबून बसवलीय. मूळ निपल असलेल्या पिस्तुलाला संग्राहक जास्त मान देतात, नुसतं चकचकीत दिसावं म्हणून ती काढून नवी लावली तर किंमत वाढत नाही, कमीच होते.

कायद्याचंही इथेच सांगतो. ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८(२) खाली असं जुनं ठासणीचं पिस्तूल शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून विनापरवाना ठेवता येतं, पण ते उडवायचा विचार असेल तर परवाना लागतो, म्हणून हे सगळं मी वस्तू जपण्यासाठी लिहितोय, उडवण्यासाठी नाही. भारतात मात्र गोष्ट वेगळी आहे आणि घरात आजोबा-पणजोबांचं पिस्तूल असणाऱ्यांनी हे नीट वाचा. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य हत्यारांना जी सूट आहे ती फक्त दुरुस्ती करूनही वापरता येणार नाहीत अशांना आहे. निपल बदलली की चालेल असं पिस्तूल त्यात बसत नाही. म्हणजे विनापरवाना ठेवलेलं पिस्तूल घरी खटपट करून चालू करणं हा सरळ गुन्हा होऊ शकतो, आधी परवान्याचं बघा, आणि काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांच्याही निपल पावसाळ्यात अशाच धरतात, त्यांनाही हेच लागू.

आता ती जाम का होते. काळी दारू जळली की अर्ध्याहून जास्त भाग वायू न होता घन अवशेष बनतो, काही धुराबरोबर जातो, काही मागे राहतो, त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. शिवाय जुन्या केपांमध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटबरोबर पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्यातून उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. हे सगळं आट्यांत शिरतं, ओलं होतं, लोखंड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे आटे आतून फुगून आवळले जातात. बहुतेक लोक इथेच चुकतात, ते थेट तेल मारतात. क्षार तेलात विरघळत नाहीत. उलट तेलाचा थर बसला की नंतर पाणी आत पोचत नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण खाराने धरलं की आपण काय करतो, तेल नाही लावत, गरम पाण्यात धरतो, अगदी तेच.

म्हणून क्रम असा. आधी नळी लाकडापासून वेगळी करा. घोडा हाफ कॉकवर, म्हणजे अर्धा मागे, घेऊन लॉकप्लेटचा आडवा पेच काढा, लॉक, म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेली बाजूची पट्टी, बाहेर, मग नळी धरून ठेवणारी आडवी पाचर, असली तर, बाजूने सरकवा, मग मागचा टँगचा, म्हणजे नळीच्या मागच्या शेपटीचा, पेच, हुक ब्रीच, म्हणजे नळी मागे आकड्याने अडकवलेली, असेल तर तो पेच काढायची गरजच नसते, नळी तोंडाकडून उचलली की सुटते. पेचकस पेचाच्या खाचेत गच्च बसणारा हवा, नसेल तर पात्याला कानस मारून बसवून घ्या. त्या काळातले पेच एकेक हाताने केलेले, एकसारखे दिसले तरी अदलाबदल होत नाहीत, म्हणून कुठला कुठून निघाला ते कागदावर चित्र काढून त्याच्यावर चिकटवा. लाकडावर तेल अजिबात सांडू द्यायचं नाही, तेल मुरलेलं अक्रोडाचं लाकूड काळं पडतं, भुसभुशीत होतं. खिशातलं छोटं बॉक्सलॉक असेल, म्हणजे घोडा मधोमध आणि नळी फिरवून सुटणारी, तर निपल घोड्याच्या बरोबर खाली असते, पाना शिरायला जागाच नसते, त्यात घोडा पूर्ण मागे घेऊन किंवा काढूनच काम करावं लागतं.

मग नळीचा मागचा भाग, निपलसकट, उकळतं पाणी ओतून भरपूर तापवा, भांड्यात तसाच बुडवून गार होऊ द्या, पाणी बदला, परत करा. पाणी पिवळट-करडं होतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा, म्हणजे काम होतंय. निपलच्या भोकातला मळ लाकडी टूथपिकने किंवा पितळेच्या बारीक तारेने काढा, स्टीलची सुई नको, मोडली की आतच राहते. पाणी स्वच्छ यायला लागलं की नळी लगेच गरम हवेने खडखडीत वाळवा, नाहीतर आपणच नवा गंज तयार करू. व्हिनेगर, तुरटी, लिंबू ह्या भानगडीत पडू नका, ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातात आणि नळीवरचा जुना तपकिरी रंग तर पहिल्याच दिवशी जातो. ती ब्राउनिंगची छटा परत येत नाही.

आता तेल. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी आहे, नावातलं डब्ल्यूडी त्याचंच, आट्यांत खोल शिरायला प्लसगॅससारखं खरं पेनिट्रेटिंग ऑइल घ्या. गाडीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं हेही खूप जण वापरतात, चालतं, फक्त ॲसिटोन भयंकर पेट घेतं आणि लाकडाचं पॉलिश काढतं, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ काही तापवू नका. निपलच्या मुळाशी थेंब, आणि नळीच्या आतूनही, नळी उभी धरून. मग पितळेच्या पंचने निपलच्या डोक्यावर हलके टकटक ठोके, जोर अजिबात नाही, नुसता थरथराट पाहिजे, म्हणजे तेल गंजाच्या फटीत सरकतं. रोज थोडं, आठवडाभर, गरज पडली तर महिनाभर. दीडशे वर्षं बसलेल्या गोष्टीला महिनाभर द्यायला काय हरकत आहे, मला तर ह्या कामात थांबता येणं हीच खरी कारागिरी वाटते.

तापवायचं असेल तर निपल तापवा, नळी नाही. तेल पूर्ण पुसून, ॲसिटोन उडून गेल्यावर, मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं टोक निपलवर टेकवून दोन तीन मिनिटं धरा. निपल फुगते, गंजाला चुरडते, गार झाली की आकसते आणि फट पडते, तेव्हा तेल सोडा. असं परत परत. गॅसची ज्योत लावू नका, कारण नळीच्या खालची पट्टी आणि ठासणीचा गज धरणाऱ्या नळ्या बऱ्याच पिस्तुलांत शिसं-कथलाच्या सोल्डरने लावलेल्या असतात आणि ते साधारण १८० ते १९० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. निपल सुटेल आणि पट्टी गळून हातात येईल.

पाना सगळ्यात शेवटी, आणि बाजारातला तयार पाना जसाच्या तसा कधीच नाही. जुन्या निपलचे चौकोन कुठल्या मापात नसतात. थोडा लहान पाना घेऊन तो कानसने घासत घासत असा बसवा की हाताने ढकलून गच्च जाईल, डुगडुगणार नाही. चौकोन आधीच गोल झाला असेल तर बारीक कानसने दोन समोरासमोरच्या बाजू परत सपाट करून घ्या, निपल तशीही बदलायचीय. नळी शिशाचे पत्रे किंवा चामडं लावलेल्या वाइसमध्ये धरा, दोन्हीकडे हात असलेला टी पाना घ्या म्हणजे बल सरळ लागतं, वाकडं नाही. आणि पहिला झटका आवळायच्या दिशेने द्या, अगदी केसभर, मग सोडवायच्या दिशेने. हलली की लगेच ओढत सुटू नका, पाव फेरा पुढे, थोडं मागे, तेल, परत. कर्रकर्र आवाज आला तर मागे या. मनगटाच्या ताकदीने हलत नसेल तर लांब पाइप लावून हलवायची नाही, परत पाण्यापासून सुरू करा. निपल कडक पोलादाची आणि नळी त्यामानाने मऊ लोखंडाची, जोर लावला की एकतर निपल मुळाशी तटकन तुटते नाहीतर नळीतले आटे ओरबाडले जातात.

तुटलीच तर घाबरून ईझी-आउट, म्हणजे तुटके स्क्रू उलटे फिरवून काढायचं हत्यार, घालू नका. ते कडक आणि ठिसूळ असतं, ह्या बारीक मापात हमखास मोडतं, आणि मोडलेला तुकडा साध्या ड्रिलने निघत नाही. निपलचं भोक आधीच मधोमध आहे ही आपली जमेची बाजू, त्याचाच आधार घेऊन ड्रिल प्रेसवर, हातातल्या ड्रिलवर नाही, उलट फिरणाऱ्या डाव्या बिटने छोट्या मापापासून हळूहळू वाढवत गेलं तर पुष्कळदा निपलचं उरलेलं पोकळ नळकांडं बिटबरोबरच फिरून बाहेर येतं. नाही आलं तर आट्यांना लागायच्या आत थांबायचं आणि उरलेली पातळ साल टोकदार पिकने आत कोसळवून काढायची. पण बिट शिरतच नसेल, किंवा आत कुणाचातरी मोडका तुकडा आधीच असेल, तर स्पार्क इरोजनवाल्याकडे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्याकडे, जा. मोडलेला टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, काढायचं जे काम डायवाले रोज करतात तेच हे. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूमवाल्यांना ईडीएम, म्हणजे हेच काम, म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही, बर्मिंगहॅमकडेही अशी दुकानं आहेत. अख्खी नळी तापत नाही, जोर नाही, विजेच्या ठिणग्या फक्त तेवढंच पोलाद खातात. पैसे लागतात, पण भोक वाचतं.

निघाली, आता नवी. सगळ्यात जास्त पिस्तुलं इथे बिघडतात, काढताना नाही. इंग्लिश इंजिनिअर व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण १८४१ साली मांडलं, पण बंदूकवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं आपापल्या स्क्रूप्लेटवर, म्हणजे आटे पाडायच्या भोकांच्या पट्टीवर, आटे पाडत होते. म्हणजे तुमच्या भोकाचं माप बाजारातल्या कुठल्याच निपलला तंतोतंत जुळेल असं नाही. पाव इंच व्यासाची, इंचाला २८ आट्यांची निपल पाव इंचाच्याच, इंचाला २६ आट्यांच्या भोकात दोन तीन फेरे मस्त जाते आणि मग धरते, लोक म्हणतात घट्ट आहे, आणि पान्याने रेटतात, झालं, दोन्ही आटे गेले. इटलीच्या नव्या रिव्हॉल्व्हरच्या नकलांना बहुतेक एम ६ बाय ०.७५ (६ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत ०.७५ मिलिमीटर अंतर) लागते, ती जुन्या इंग्लिश पिस्तुलात कधीच घालू नका. झीरो बीए (बीए हे जुनं ब्रिटिश आट्यांचं प्रमाण) आणि एम ६ बाय १, दोन्हींचा व्यास ६ मिलिमीटर, पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिलिमीटर, पण आट्याचा कोन ४७.५ अंश आणि ६० अंश, त्यामुळे तीही वरवर जुळते आणि आत जखम करते. व्हिटवर्थचा कोन ५५. निघालेल्या जुन्या निपलवरच थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या, लावा, व्हर्नियरने व्यास घ्या, आणि भोकात नवी निपल नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेली पाहिजे, पाना न लावता.

नाही जुळली तर भोकात नवा टॅप फिरवून मोठं करायचं सुचवणारे भरपूर भेटतील, गनस्मिथसुद्धा. मी ठाम विरोध करतो. भोकाच्या मापाने निपल बनवून घ्या, लेथवाल्याला जुना नमुना द्या, झिजलेल्या आट्यांना व्यास किंचित मोठा ठेवायला सांगा, साधं माइल्ड स्टील शोभेच्या पिस्तुलाला पुरतं. निपल फसली तर दुसरी बनवता येते, कापलेलं मूळ लोखंड परत लावता येत नाही. आटे खरंच संपूर्ण गेले असतील तेव्हाच आत बाही बसवायचा विचार, आणि तोही ह्याच कामात मुरलेल्या माणसाकडून.

बसवताना भोक सुकं आणि स्वच्छ हवं, आट्यांना कॉपर ग्रीस किंवा साधं चांगलं ग्रीस बोटभर, निपलचा खांदा नळीवर सपाट टेकेपर्यंत बोटांनी, मग पान्याने फक्त जाणवेल इतकं. आवळायची नाही. खांदा टेकायच्या आधीच खाली आटे अडत असतील तर निपलची शेपटी कानसने तोकडी करा, भोक खोल करू नका. मग घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली आणा, त्याचा खोलगट तोंडाचा भाग निपलच्या भोवती मोकळा बसतो का, बाजूला घासतो का बघा. रिकाम्या निपलवर घोडा कधीच सोडायचा नाही, पाहुण्यांना दाखवताना तर नाहीच, मधे चामड्याचा छोटा तुकडा ठेवा, निपलची टोकं अशीच पसरतात आणि मग परत तीच कटकट.

नळी लाकडात घालण्याआधी खालच्या बाजूला प्रूफचे, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचे, शिक्के दिसतील, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ मधलं, लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, ते फोटो काढून ठेवा पण ब्रशने घासू नका. जुनी निपल, तुटकी असली तरी, छोट्या पिशवीत घालून त्यावर कधी काढली, कुठलं माप निघालं, नवी कुणी बनवली हे लिहून पिस्तुलाबरोबरच ठेवा, पुढच्या मालकाला त्याचा उपयोग होतो. आणि पहिल्या पावसाळ्यात किंवा इथल्या ओल्या हिवाळ्यात दोनेक महिन्यांनी निपलच्या मुळाशी कापूस फिरवून बघा, तांबूस आलं तर आत क्षार राहिलेत, निपल आता सहज निघतेय तोवरच काढून परत गरम पाण्याने धुवा, वाळवा आणि नवं ग्रीस लावा.